गुरुवारची पंगत

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही प्रेमिलाकाकूंनी मला दसऱ्याच्या आधी दिली होती. आता नाताळाच्या केकसाठी मनुका भिजत घालायची वेळ आली, तेव्हा मी पहिलं पान उघडतोय. मधल्या काळात काय केलं म्हणाल, तर आधी रिफिल नव्हती. रिफिल आणायला नागपूरच्या बर्डी बाजारात गेलो, तिथे एक माणूस मोबाईलच्या फुटक्या काचा बदलत होता, ते बघण्यात संध्याकाळ गेली आणि रिफिल राहिली. मग वही उशीखाली ठेवली, म्हणजे आठवण राहील. त्याने उशीची उंची बरोबर झाली, छान झोप लागायला लागली, म्हणून वही काढवेना.

काल पंगत उठल्यावर काकू संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेल्या, लेकीकडे, मिनलताईकडे. दोन्ही गुडघे बदलायचेत. गाडी हलायच्या आधी खिडकीतून विचारलं, "वही लिहितोस ना रे?" मी हो म्हणालो. ते हो खोटं पडू नये म्हणून हे लिहिणं.

मी विक्की. भिवापूरचा. बाबांची तिथे मिरची कांडायची गिरणी आहे. आमच्या घरी बोलणं कमी आणि शिंका जास्त. अकरावीत शाळा सोडली, मग गिरणीही सोडली, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. कोराडीला वीजकेंद्राच्या कँटीनमध्ये राहिलो, बेस्याला टाइल्सच्या दुकानात राहिलो. दोन्हीकडे काम वाईट नव्हतं, पण मला दुसरीकडे काय चाललंय ते बघायचं असतं.

काकूंकडे पहिल्यांदा आलो तो गुरुवारच होता. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब म्हणाले, तिथे जेवण चालतं, जाऊन बघ. म्हणून बघायला गेलो. बघता बघता तीनदा भात घेतला. काकू म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी लवकर ये, वाढायला माणूस हवाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, मागची खोली रिकामी पडून आहे, घर राखायला कुणी हवं. एकट्या बाईला अशी मदत लागतेच, मी राहिलो. रोजचं उरलेलं अन्नही मलाच संपवावं लागतं. इतकी वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, पण एका माणसाच्या स्वयंपाकाचा अंदाज त्यांना अजून येत नाही.

आता काकू येईपर्यंत गुरुवार माझा. त्यांनी नियम सांगितलेत. व्हरांड्यात सतरंजी घालायची. जे शिजेल तेच सगळ्यांनी खायचं, आणि वाढणाऱ्याने वाढून झालं की त्याच पंगतीत बसून जेवायचं, उभं राहून बघायचं नाही. तुम्ही कोण, कुठले, असं कुणाला विचारायचं नाही. ख्रिस्ताबद्दल कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर भात वाढायचा. आणि जेवणाआधीचे आभार आपण नाही मानायचे, पाहुण्यांत जो वडीलधारा असेल त्याने मानायचे, त्याला येतील तसे.

मला हा शेवटचा नियम फार सोयीचा वाटतो. मला मोठ्याने प्रार्थना येत नाही. झोपताना "बरं का प्रभू" म्हणतो आणि झोपतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझी पहिली पंगत झाली. आधी फजिती लिहितो.

मंडळीत मुठीची पद्धत आहे. घरची बाई भाताला तांदूळ काढते तेव्हा एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते, आणि आठवड्याचा तो डबा काकूंकडे येतो. काकू प्रत्येक घरचा तांदूळ वेगळ्या पिशवीत ठेवायच्या. मला वाटायचं, वय झालं की माणसाला पिशव्यांचा नाद लागतो. मी सायकलवर सगळे डबे गोळा केले आणि एका पोत्यात ओतले. कुणाकडचा बासमती, कुणाचा रेशनचा, कुणाचा गावाकडचा जुना, कुणाचा नुकता झोडलेला नवा. खिचडी झाली ती अशी की अर्धी लापशी आणि अर्धी कचकच.

बायजाबाई पहिल्या घासालाच थांबल्या. या पुलाखाली राहतात, दिवसभर रिकाम्या बाटल्या वेचतात, आणि जीभ अशी की पाळकसाहेबही जपून बोलतात.

"काहून गा विक्की, अर्धे तांदूय आंघोय करून आले अन् अर्धे तसेच बसले काय?"

सगळी पंगत हसली. रामाजी हसले नाहीत, ते सावकाश चावत होते. रामाजी आमच्यातले सगळ्यांत वडील. बर्डीच्या फुटपाथवर वजनकाटा घेऊन बसतात. डोळ्यांनी कमी दिसतं, काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकालाच वाचावा लागतो. पण टोपी नेहमी पांढरी, इस्त्री केल्यासारखी.

"खाय वं बायजे," ते म्हणाले. "पोटात गेल्यावर कोण कच्चा अन् कोण पक्का, काई समजत नाई."

आभार तेच मानतात. हात जोडत नाहीत, नुसता ताटावर ठेवतात. "सगळ्यायले भूक लागू दे अन् सगळ्यायले भेटू दे." बस, एवढंच. गिरणीवर बाबा जेवणाआधी जी प्रार्थना करायचे तिच्यात वरण थंड व्हायचं.

पियुष आला होता. तो आमच्या तरुण संघाचा सचिव, बँकेत आहे, मनाने चांगला. संत्र्यांची पिशवी घेऊन आला. मी म्हटलं, बस. तर म्हणे, बूट घातलेत यार, आणि घरून जेवून निघालोय. मग मीच म्हटलं, निदान एक फोटो काढ, काकूंना पाठवू, त्या बघतील की पंगत मोडली नाही. त्याने काढला. छान आला. सगळे दिसतात.

२६ ताटं लागली असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे मी मोजायला विसरलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कापणीचा सण. देवळात, म्हणजे चर्चमध्येच, वेदीपुढे भोपळे, उसाच्या मोळ्या, तुरीच्या शेंगा, कुणी तर कोंबडाही आणला होता, तो उपदेशाच्या मध्ये दोनदा आरवला. उपासनेनंतर बाहेर मांडवात लिलाव झाला. मी पपईवर बोली लावून बसलो. पपई मला आवडत नाही. पण समोरचा काका इतक्या खुन्नसने बोलत होता की हात आपोआप वर जात राहिला. शेवटी त्यालाच मिळाली, देवाची कृपा.

पण आजची मोठी गोष्ट वेगळीच. पियुषने तो फोटो तरुण संघाच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली लिहिलं "निराधार बांधवांना अन्नदान", आणि तो सगळीकडे फिरला. दुसऱ्या मंडळ्यांच्या ग्रुपवर, कुणाच्या स्टेटसला. लोक येऊन माझा हात धरून हलवत होते. मला आजवर कुणी कशासाठी शाबासकी दिली असेल तर ती शिंक दाबून धरल्याची. आज मी मांडवात जरा छाती काढूनच फिरलो, खोटं कशाला लिहू.

एका बाईंनी फोनवर फोटो मोठा करून विचारलं, "यात तू कुठे आहेस रे?"

मी दाखवलं. रामाजी आणि बायजाबाईंच्या मध्ये मी, तोंडात घास.

"अय्या! हा तू?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं..." आणि मग भोपळ्याचा लिलाव सुरू झाला म्हणून गेल्या. काय वाटलं ते राहूनच गेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रामाजी आले नाहीत.

आज तांदूळ वेगवेगळे शिजवले होते. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी केली होती, वर कोथिंबीर, आमच्याकडचा सांबार, पेरली होती. वाट बघून बघून भाताला साय धरल्यासारखी झाली. बर्डीला जाऊन आलो तर काट्याची जागा रिकामी. चहावाला म्हणाला, "गेला म्हातारा. कोठी गेला, सांगून नाई गेला."

बायजाबाईंनी जेवता जेवता सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्या ताटात टाकलं.

"तुह्या फोटूनं गेला तो."

"माझ्या?"

"मंग काय माह्या? मले फोटू काढता येते काय? त्याच्या नातवाले दिसला तो फोटू. गावात घरोघरी दिसला. घरच्यायले त मालूम होतं का बुढा बेस्यात वाचमन हाय म्हणून. आता समजलं का फुकटचं खाते."

"फुकटचं नाही आजी, आपण तर..."

"आपण काय ते तुले मालूम, मले मालूम. फोटूले मालूम हाय काय?"

त्यांनी स्वतःचा फोटो आला त्याचं काहीच म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माह्यं कोण हाय पाहणारं?" आणि भाजी मागितली.

मी पियुषला फोन केला. बिचारा घाबरला, लगेच डिलीट केला. पण डिलीट फक्त आपल्याकडचं होतं. लोकांच्या फोनमध्ये रामाजी अजून जेवतच आहेत.

आभार आज कुणी मानायचे ते ठरेना. शेवटी कुणीच मानले नाहीत, तसेच जेवलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काकूंना सगळं सांगितलं. एक गुडघा झालाय, दुसरा बाकी आहे, आवाज बारीक होता. मला वाटलं रागावतील. मीच म्हटलं, काकू, फोटो काढू नये असं तुम्ही सांगितलं नव्हतं.

"नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला कधी सुचलंच नाही रे. जेवणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा, असं." मग म्हणाल्या, "त्यांना शोध. फोनवर माफी मागून मोकळा होऊ नकोस. पायाने जा."

"कुठे जाऊ? नागपूर केवढं आहे."

"निघ तर खरा. जेवलास का?"

मी म्हटलं जेवलो. परत थोड्या वेळाने तेच, जेवलास का. औषधांनी विसरायला होतं बहुतेक.

फोन ठेवल्यावर बसून राहिलो. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट मी भिवापूरला संडे स्कूलमध्ये नाटकात केली होती, मी मासा झालो होतो. त्या पाच हजारांत कोण कोण होतं ते कुठेच लिहिलेलं नाही, एकाचंही नाव नाही. आज पहिल्यांदा वाटलं, लिहिणारे विसरले म्हणून नसेल, मुद्दामच नसेल. की मीच आपला काहीतरी अर्थ काढतोय? प्रभू, मला तुझ्या कामातलं खरंच काही समजतं का, की नुसतं इथे भात चांगला मिळतो म्हणून मी आहे? उत्तर आलं तर लिहीन.

२३ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर बेस्याला गेलो. माझं डोकं असं की, घरच्यांना बेस्यात वॉचमन आहे म्हणून सांगितलं, तर निदान लाज वाचवायला तिकडेच गेले असतील. प्रत्येक बिल्डिंगच्या गेटवर विचारत सुटलो. बेस्यात आता इतक्या बिल्डिंगी झाल्यात की माझं टाइल्सचं दुकान मलाच सापडलं नाही. एका प्लॉटवर बोअर मारत होते. पाणी लागतं का ते बघायला उभा राहिलो. आधी पांढरी धूळ, मग काळी, मग चिखल, मग एकदम फवारा, सगळे नाचले, मीही नाचलो, मालकाने पेढा दिला. तेव्हा आठवलं की मी रामाजींना शोधायला आलोय.

एका वॉचमनने सांगितलं, "टोपीवाला म्हातारा? होता ना, मागं. चांगला होता. डोये गेले तवा काढलं त्याले." म्हणजे वॉचमन होते ते खरंच. फक्त आता नाहीत, आणि ते घरी सांगायचं राहिलंय.

येताना प्रीतीचा फोन आला. माझी बहीण. घरातलं एकटीच बोलते माझ्याशी.

"दादा, तो फोटो इथे आला. आपल्या मंडळीच्या ग्रुपवर."

"छान आहे ना?"

"बाबांनी पाहिला. मोठा करून पाहिला. मग दुपारी गिरणी बंद केली."

"का? लाईट गेली?"

"नाही. अशीच बंद केली. मला विचारलं, हा तिथे जेवायला जातो का. मी म्हटलं, काम करतो. तर म्हणाले, काम करणारा बसलेला कसा, आणि खाली निराधार लिहिलंय ते?"

मला हसूच आलं. बाबा दर कापणीच्या सणाला मंडळीला तिखटाचं पोतं देतात, पण लोकांच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. देणाऱ्या घरचे आहोत आपण, हे त्यांचं नेहमीचं. त्यांच्या पोराच्या फोटोखाली निराधार म्हणजे सगळ्या भिवापूरला ठसका लागला असेल. प्रीतीला म्हटलं, समजावून सांग. ती म्हणाली, सांगितलं, पण ते फोटोतच बघत होते. म्हणाले, वाळलाय.

बहुतेक मी गिरणीत वाळलेलाच होतो, त्यांनी तेव्हा बघितलं नसेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रामाजींची जागा बायजाबाईंनी राखून ठेवली, कुणाला बसू दिलं नाही. एका नव्या माणसाने विचारलं, इथे कोण? तर म्हणाल्या, "हाय एक रुसका."

आभार आज त्यांनीच मानले. "देवा, त्या बुढ्याले कोठी जेवाले भेटलं असन त ठीक, नाई त तूच पाह्य." आणि माझ्याकडे बघून, "अन् या पोट्ट्याले पाय दे. बसून खाते नुसता."

मी म्हटलं, आजी, बेसा पालथा घातला. त्या म्हणाल्या, "बेस्यात काहून जाईन तो? ज्या गावात नोकरी गेली त्या गावात कोणी जाते? काटा घेऊन माणूस गर्दीतच जाईन. देवीच्या दर्शनाले लोकं जातेत तिकडे पाह्य, कोराडीले."

हे त्यांना गेल्या गुरुवारीच सुचलं असणार. विचारलं तर म्हणाल्या, "तू इचारलंच कुठी?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

सापडले.

कोराडीची बस घेतली. कोळशाच्या ट्रकांमागे बस मुंगीसारखी चालते, खिडकीवर राखेचा थर, त्यावर कुणीतरी बोटाने बदाम काढलेला. या वेळी ठरवलं होतं, मध्ये कुठे उतरायचं नाही. कँटीनसमोरून गेलो तरी उतरलो नाही, हे मुद्दाम लिहितो.

मंदिराच्या रस्त्याला नारळवाल्यांच्या रांगेत शेवटी पांढरी टोपी दिसली. मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, समोर गेल्यावर सगळं गेलं. मी सरळ काट्यावरच उभा राहिलो.

"वाच बावा तुह्या तूच," रामाजी म्हणाले.

"आबा, मी विक्की."

"मंग उतर खाली. फुकट वजन करतं काय?"

मी उतरलो, खाली बसलो. म्हटलं, फोटो मीच काढायला लावला. काकूंना पाठवायचा होता. चूक माझी. ते नारळाच्या शेंड्या गोळा करत राहिले. मग बोलायला लागले तेव्हा माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

"नातू हाय माह्या, हर्षित. उमरेडले कालेजात जाते. त्यानं फोटू धाडला अन् लिहिलं, आबा, हे तुम्हीच का. मले कुठी वाचता येते? चहावाल्यानं वाचलं, मोठ्यानं, साऱ्या गिऱ्हाइकायसमोर. त्याच्याखाली अजून लिहिलं होतं म्हणे, निराधार." काट्यावरची राख पुसली. "निराधार कोण गा? मले दोन पोरं हायेत. नातू हाय. घराले छत हाय. पोरायवर भार नको म्हणून म्या इथं हाओ. तुम्ही निराधार लिहिलं त माह्या पोरायचं तोंड काय रायलं गावात?"

एक बाई येऊन वजन करून गेली, वाचलेला आकडा तिला पटला नाही, परत चढली.

मग मला काय वाटलं माहीत नाही, मी म्हटलं, "आबा, माझ्या घरी पण तेच झालंय. माझ्या बाबांना वाटतंय मी तिथे जेवायला जातो. निराधार म्हणून."

रामाजींनी मान वळवली. "तू?"

"हो."

"फोटूत तू बी हायस?"

"तुमच्या बाजूलाच."

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग टोपी सरकली. "त्या चहावाल्यानं सांगतलं होतं मले! म्हणे, बुढेबाबा, तुमच्या बाजूले एक पोट्टा हाय, तो त तुमच्याहून भुकेला दिसते. तो तू व्हय!" डोळे पुसत राहिले. नारळवाला वळून बघायला लागला.

"आबा, चला ना गुरुवारी."

"ते मंग पाहू. आधी तू जेव. सकायपासून काई खाल्लं नाई, आवाजावरून समजते."

त्यांनी फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. भाकर मोडली, मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी हात घातला तर माझ्या हातावर चापट मारली.

"पाहुणा कोण हाय इथं?"

"मी."

"मंग आभार कोणं मानायचे?"

मेलो. रस्त्यावर, ट्रकांचे हॉर्न, मंदिराचा भोंगा, नारळवाला बघतोय. मी डोळे मिटले. "प्रभू," म्हटलं. "ही भाकर. आणि हे आबा. आमेन."

"बस? इतक्यात झालं? तुह्या देवाले घाई हाय काय?"

मग परत मिटले आणि आणखी थोडं म्हणालो. काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. ठेचा असा होता की डोळ्यांतून पाणी आलं, भिवापूरची मिरची असावी, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

एक मात्र लिहून ठेवतो. रामाजी स्वतः खात होते, माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मला पोटभर खाता आलं. कुणी उभं राहून बघत असतं तर तोच घास मोठा झाला असता. काकू पंगतीत का बसतात, मला वाटायचं गुडघ्यांमुळे.

निघताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बंद करून ठेवला होता. "हर्षितले लिह्य." मी म्हटलं, काय लिहू? त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "लिह्य, हो, मीच. वाचमनकी सुटली. डोयानं दिसत नाई. गुरुवारी चार लोकायसंग जेवतो." मी लिहिलं, वाचून दाखवलं. म्हणाले, "धाड." मग म्हणाले, "थांब." मग म्हणाले, "धाड गा, काय पाहून राहिला."

१ डिसेंबर, सोमवार

काकूंना सांगितलं. दुसरा गुडघाही झाला, नीट झाला. रामाजींनी मला जेवायला घातलं हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की मिनलताई मागून ओरडली, आई, हलू नकोस. मला कळेना, यात खूश होण्यासारखं काय, भाकर त्यांची गेली. मग म्हणाल्या, "पाळकसाहेबांना मी ऑगस्टमध्ये म्हणाले होते, हा पाहुणा बरेच दिवस राहील बघा." कोणत्या पाहुण्याबद्दल बोलत होत्या, विचारायचं राहिलं. ऑगस्टमध्ये तर मीच आलो होतो, दुसरं कुणी मला आठवत नाही.

प्रीतीचाही फोन. तिला एकदम नागपूरचं फार कौतुक सुटलंय. पंगत किती वाजता बसते, उमरेड रोडने आलं तर कुठे उतरायचं, गेट कोणत्या बाजूला, कुत्रा आहे का. मी म्हटलं, तुला यायचंय का? ती म्हणाली, मला परीक्षा आहे. मग कशाला विचारतेस? म्हणाली, अशीच. पोरींना कशाची उत्सुकता असेल सांगता येत नाही. मी तिला गेटसमोरच्या पिंपळाचं इतकं वर्णन केलं की बॅलन्स संपत आला.

४ डिसेंबर, गुरुवार

पंगतीच्या आधीच लिहितोय, कारण नंतर मी झोपतो. भाताला शेवटची वाफ आहे. सतरंज्या घातल्या, पाण्याचे तांबे भरले.

रामाजी आले. सगळ्यांच्या आधी आले, आपल्या जागेवर जाऊन बसले, जसे कुठे गेलेच नव्हते. टोपी नवी. बायजाबाईंनी त्यांना पाहिलं आणि म्हणाल्या, "आला का जावई?" ते म्हणाले, "भात झाला का?" झालं, एवढ्यात मिटलं. मी बेसा, कोराडी, बस, राख, सगळं केलं आणि यांचं दोन वाक्यांत.

हर्षितचं उत्तर आलंय. रामाजींनी ते सगळ्यांना वाचायला लावलंय, मला तर दोनदा. लिहिलंय, "आबा, नाताळच्या सुट्टीत येतो, मेडिकलच्या हॉस्पिटलात डोळे दाखवू." बाकी काही नाही. रामाजी म्हणतात, पोट्ट्याले लिहिता येत नाई नीट, पर समजते.

पियुष आलाय. व्हरांड्याच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडतोय. फोन त्याने स्वतःच आत फळीवर ठेवला. त्याला गाठ सुटत नाहीये, बोललो तर उठेल.

आज मला बरं वाटतंय. उत्तर आलं तर लिहीन म्हटलं होतं, ते काही आलं नाही. पण गेले काही दिवस मला दुसरीकडे काय चाललंय ते बघायला जावंसं वाटलेलं नाही, हे खरं. भात मात्र आज...

बायजाबाई ओरडतायत. त्यांचं ऐकू येतंय तसं लिहितो, मग उठतो.

"अगा विक्की! भिवापूरहून कोणी आला हाय, खांद्यावर पिशवी, शिंकून राहिला नुसता. म्या म्हटलं खुर्ची देतो, त नाई म्हणते. रामाजीच्या बाजूले सतरंजीवर बसला अन् ताट मांगून राहिला. म्हणते, विक्कीचा बाप हाओ. आता उठतं का बावा, का ल्याहतच बसतं?"